हाताचा गुण

"ही पिशवी झाली. टाकून दे," अंबिका मॅडम म्हणाल्या, मायक्रोस्कोपवरून उठल्या आणि बेसिनकडं हात धुवायला गेल्या. घडलं ते एवढंच. नळ सुटल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, खाली ग्राउंडवर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं तो आला, आणि शिवकन्या डोळा भिंगाला लावून तशीच बसली. संक्रांतीच्या सुट्टीत वीज गेली होती, इन्क्युबेटर बंद पडला होता, प्लेटांवरचं खाणं संपून गेलं होतं. उपाशी राहिलेल्या त्या तिळाएवढ्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या किड्यांमधली एक मधोमध पडली होती. सरळ, काडीसारखी. या जातीचा किडा कधी सरळ राहत नाही. तो नागमोडी जातो, त्याच्या मागं प्लेटमधल्या आगरच्या थरावर पाटाच्या पाण्यासारखी रेघ उमटत जाते. ही हलत नव्हती. हलत होतं ते तिच्या आत. पाच-सहा बारीक पोरं एकमेकांना ढकलत तिच्या कातड्याच्या आत वळवळत होती, आणि त्यांच्या वळवळण्यानं ती मेलेली मधूनच जिवंत असल्यासारखी दचकत होती.

"मॅडम काय म्हणायलेत? पिशवी? कॅरीबॅग का?" शेजारच्या टेबलावरून ओमप्रकाशनं विचारलं. वर्गात कुणीतरी हसवणारा लागतो, तो हा.

"बॅगच म्हणतात रे तिला. अंडी बाहेर टाकायची ताकद संपली की ती आतच फुटतात. पिल्लं आईला आतून खातात. मग आई कुठली, पिशवीच राहते." मॅडम हात पुसत म्हणाल्या. "उपाशी ठेवली तरी होते, आणि अंडी ढकलणारा जीन काढून टाकला तरी होते. शिवकन्या, तुला विषय हवा होता ना प्रपोजलला? हा घे. जीन काढायचा, पिशवी करायची, काय होतं ते मोजायचं."

"लय बेकार मरण हाय मॅडम," ओमप्रकाश म्हणाला.

"किड्याला कसलं मरण आलंय. प्लेटा धुवा."

पिशवी. शिवकन्या त्या शब्दापाशीच थांबली, एखाद्या घराच्या बंद दारापाशी थांबावं तशी, आतून आपल्याच माणसांचं बोलणं ऐकू यावं तशी. तिच्या घरी हा शब्द भाजीच्या पिशवीइतकाच रोजच्या वापरातला होता. दिवाळी झाली की राणीसावरगावाकडची अर्धी वस्ती ऊस तोडायला बाहेर पडायची. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जायचा, आणि बाई महिन्याच्या महिन्याला पोट धरून पालात बसली की तो कोयता अर्धा व्हायचा, खाडा पडायचा. खाडा दत्तराव मुकादमाला चालत नव्हता. मग बाया पाचटावर बसून भाकरी खाता खाता एकमेकींना विचारायच्या, तुजी काढली का गं पिशवी? मागच्या साली काढली. बरंय आता, कटकट मिटली. जणू न्हाणीतला दगड हलवला. मुकादम स्वतःच्या जीपमधून बायांना तालुक्याच्या दवाखान्यात सोडायचा, पुण्याचं काम केल्यासारखा, आणि येताना त्याच जीपमधून आडव्या घालून आणायचा. शिवकन्याची माय गोजरबाई त्या जीपमधून गेली तेव्हा तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, एवढीच तिची तक्रार होती. शिवकन्या लहान होती, पण बाकड्याचा हिरवा रंग तिला आठवतो, फिनेलचा वास आठवतो, पडद्याच्या फटीतून दिसलेला एक गोरा, भरलेला, बोटात पुष्कराज घातलेला हात आठवतो. तो हात मायच्या पोटावर पसरला होता. "पिशवी सडलीय," हाताच्या वरून आवाज आला. "ठेवली तर कॅन्सर होईल. लेकरं किती? एकच पोरगी? बस झालं की." आणि मग त्याच हातानं ड्रॉवरमधून एक नारंगी गोळी काढून तिला दिली. ती गोळी तिनं दुपारभर चोखली. माय आत, ती बाहेर, तोंडात गोळी. अजून तिला संत्र्याचा नुसता वास आला तरी जिभेखाली पाणी सुटतं आणि पाठोपाठ मळमळतं.

त्या हाताचं नाव डॉक्टर व्यंकटराव. आता ते डॉक्टरकी कमी आणि संस्था जास्त बघायचे. परभणीतलं हे कॉलेज त्याच संस्थेचं, आणि प्रयोगशाळेच्या दारावरच्या संगमरवरात त्यांचं नाव कोरलेलं. शिवकन्या इथं आली ती मुलींच्या वसतिगृहासाठी. पहिल्याच आठवड्यात स्वागत समारंभ झाला, स्टेजवर सरस्वतीच्या फोटोला हार घालायला एक गोरा भरलेला हात पुढं आला, पुष्कराज चमकला, आणि तिला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. तरी तेव्हा तिच्या मनात राग नव्हता. तेव्हा तो देवमाणूसच होता. तिच्या मायला जगवणारा. राग आला तो पुढं, बीएस्सीच्या वर्गात, जेव्हा अंबिका मॅडम फळ्यावर खडूनं चित्र काढून सहज म्हणाल्या की पांढरं जाणं हा बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी जातो, आणि पिशवी काढायची तर आधी अमुक तपासणी, तमुक तपासणी, आणि तरण्या बाईची तर शक्यतो नाहीच, कारण मग हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, बाई अवेळी म्हातारी होते. खडू कटकन मोडला. मॅडमनी दुसरा घेतला. शिवकन्यानं वहीत सगळं नीट उतरवून घेतलं, समासासकट, आणि मग वसतिगृहाच्या न्हाणीत जाऊन नळ सोडून ठेवला. अवेळी म्हातारी. मायचे गुडघे. भर थंडीत पदरानं वारा घेणारी माय. मोळी उचलताना तोंडातून हवा निघावी तसा तो आवाज.

व्यंकटरावांना तेव्हापासून तिनं मनातून कधी मरू दिलं नाही. एकदा त्यांच्या गाडीला जिंतूर रोडवर अपघात झाल्याची अफवा उठली तेव्हा खरं काय ते विचारायला ती धावत ऑफिसात गेली. हातचा जातो की काय. त्यांना काही होता कामा नये. त्यांनी खुर्चीत नीट टेकून, चष्मा लावून, सगळ्यांच्या देखत ऐकायला पाहिजे.

शीर्षक : अंडी बाहेर टाकण्यास आवश्यक असणाऱ्या एका जीनचे नॉकआउट आणि मातेच्या आयुष्यावर त्याचा परिणाम. उद्दिष्ट एक : जीन काढणे. उद्दिष्ट दोन : काढल्यावर काय होते ते पाहणे. उद्दिष्ट तीन : ज्याने काढले त्याला ते (खोडलं.) उद्दिष्ट तीन : निष्कर्ष मांडणे. हे लिहिताना तिला पहिल्यांदाच असं झालं की इंग्रजी तिच्या हाताखाली ऐकल्यासारखी वागायला लागली. निर्जीव, घासलेली, दवाखान्यातल्या ट्रेसारखी भाषा. तिच्यात काहीही ठेवता येत होतं. वाचता वाचता तिला कळलं की या किड्यांच्या जीनांना नावं पडतात ती बिघाडावरून. ज्या जीनमुळं किडा नीट चालतो त्याचं नाव वेडंवाकडं चालणारा. ज्याच्यामुळं तो मापात वाढतो त्याचं नाव बुटका. जागेवर असतो तोवर त्याला कुणी ओळखत नाही. काढला, काहीतरी बिघडलं, की मग नाव. ती खुर्चीत मागं टेकली. मायला मात्र सगळं नीट असल्यासारखं तिच्याच नावानं हाक मारली जात होती, गोजर, आणि काढलेल्याचं नाव कुठंच नव्हतं. असायला हवं होतं एक. ती देणार होती.

मार्चपर्यंत प्रपोजल भरत गेलं. साहित्य आणि पद्धती. काढण्याची कात्री कशी नेमकी जागेवर न्यायची, कापलेलं कसं तपासायचं, शेजारी न कापलेल्या किड्यांची प्लेट कशी ठेवायची म्हणजे तुलना होईल. तुलनेला तिनं मनात पुतळीमावशी ठेवली होती, मायची थोरली बहीण, जी टोळीला कधी गेलीच नाही आणि जी मायपेक्षा लहान दिसते. ओमप्रकाश तिला किडेवाली म्हणायला लागला. तिच्या टेबलापाशी येऊन म्हणायचा, "काय किडेवाली, आज कुनाची काढायलीस?" आणि ती म्हणायची, "तुजी अक्कल काढायचा विचार व्हता, पण कापायला कायतरी असावं लागतंय." तो खूष होऊन जायचा. तिला वाटायचं, हसणं किती सोपं आहे, वरच्या वर तरंगतं. खाली मी काय शिजवतेय हे कुणालाच दिसत नाही. मॅडमना मात्र दिसलं असावं. त्यांनी एका दुपारी सगळे कागद टेबलावर पसरले आणि एका रिकाम्या जागेभोवती पेन्सिलीनं गोल केला.

"रेस्क्यू कुठंय?"

शिवकन्यानं तो कागद स्वतःकडं ओढला.

"जीन काढलास, अंडी अडकली. बरं. पण त्याच जीनमुळं अडकली कशावरून? कापताना दुसरं काही तुटलं असेल. म्हणून काढलेलं परत घालायचं. परत घातल्यावर अंडी पडायला लागली की सिद्ध. त्याला रेस्क्यू म्हणतात, मी शिकवलंय तुला. त्याच्याशिवाय हे नुसती मोडतोड आहे."

"परत घालता येत नसंल तर?"

"किड्यात येतं की."

"किड्यात येतं," शिवकन्या म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. बाहेर निंबाची पानं गळत होती, खिडकीच्या गजांवर आपटत होती. "तू हे कुणासाठी लिहायलीस गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "हैदराबादची जागा एकच आहे. वर्षभर खऱ्या लॅबमध्ये. आपल्या कॉलेजातून एकच प्रपोजल जाणार आणि समितीवर संस्थेचे अध्यक्ष, व्यंकटरावसाहेब, स्वतः बसणार आहेत. त्यांना बाकी काही कळो न कळो, गाळलेलं बरोबर दिसतं. भरून टाक ती जागा."

तिनं भरली नाही. ती जागा तिनं जपली, शिकाऱ्यानं पानं टाकून खड्डा जपावा तशी. तेच हवं होतं तिला. त्यांनी विचारावं, परत घालून दाखवणार का? आणि मग ती शांतपणे, स्वच्छ इंग्रजीत म्हणेल की साहेब, आपण घातलं होतं का? आणि बटण दाबेल. शेवटचं चित्र. डावीकडं किडा, पिशवी झालेला. उजवीकडं बाईची आकृती, तोंड नसलेली, पोटाच्या जागी पांढरा गोल. वय. तक्रार. तपासणी : काहीही नाही. काढले : गर्भाशय. रेस्क्यू : नाही. ठिकाण : हाच जिल्हा. सर्जनचं नाव ती लिहिणार नव्हती; त्याच्या चेहऱ्यावर ते आपोआप उमटलं पाहिजे होतं. आंघोळ करताना, भाजी निवडताना, वसतिगृहाच्या जिन्यावरून उतरताना ती ते वाक्य पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहिली. नारंगी गोळीसारखं.

फक्त मायचा फोन आला की ती गोळी विरघळायची. पलीकडं पाचट पेटल्याचा आवाज, तिच्या बापाचं, सूर्यभानबापूचं, खोकणं, ट्रॅक्टरची धडधड, आणि मधून माय. "शिवे, जेवलीस का? आमी आता निगतावच पाडव्याला. काकवी घेतलीया गुऱ्हाळावरून. साहेबास्नी."

दरसाली टोळी परतली की माय व्यंकटरावांना काकवी नेऊन द्यायची. गोडी संपू नये म्हणून नवीकोरी कॅन गळ्यापर्यंत भरून. घरात गूळ नसला तरी चालायचं.

"कशाला माय दरसाली?"

"आगं कशाला म्हंजी? जीव वाचिवला त्येनं. तुला माय ऱ्हायली ती कुनामुळं? लय गुन हाय त्या हाताला."

"माय, पांढरं जायला लागलं तर साध्या गोळ्या असत्यात."

"असतील. माजं लय पुढं गेल्यालं व्हतं. साहेब म्हणले न, सडली म्हून." मग थोडी थांबून, हसून, "आता हाडं दुकत्यात ती दुकत्यात. जित्या मानसाची दुकनारच की."

गुण. गुणसूत्र. शिवकन्या फोन ठेवून त्या दोन शब्दांकडं बघत बसायची. जित्या माणसाची दुखणारच. माय ते दुखणं हप्त्यासारखं भरत होती, जगल्याबद्दल. प्रत्येक वाफेला, प्रत्येक कळेला तिच्यापाशी एक कारण होतं आणि त्या कारणाला पुष्कराजची अंगठी होती. ते कारण काढून घेतलं तर? कळ राहील. वाफ राहील. त्यांच्या जागी परत काय घालायचं? तिनं ठरवलं होतं की मायला हे कधी कळणार नाही. सूड इंग्रजीत घेतला जाईल. इंग्रजीला दार होतं आणि मायला उघडता येणार नाही अशी त्याला कडी होती.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात समिती बसली. हॉलमध्ये कूलर लावलेले, पाण्याचा आणि वाळ्याचा वास, पहिल्या रांगेत मॅडम आणि इतर मास्तर, मधल्या खुर्चीवर पांढऱ्या शुभ्र कपड्यांत व्यंकटराव. म्हातारे झाले होते. शिवकन्याला याचा राग आला. तिला ते पडद्याच्या फटीत होते तसेच हवे होते. हात मात्र तोच, टेबलावर पालथा ठेवलेला. तिनं सुरुवात केली. इंग्रजी ठरल्यासारखी निघाली, ट्रेमधून एकेक हत्यार निघावं तशी. जीन. कात्री. पिशवीचं चित्र. आणि तेव्हा मागचं दार किलकिलं झालं, उन्हाची एक पट्टी आत पडली, आणि त्या पट्टीत काकवीची कॅन पोटाशी धरून माय उभी होती. दवाखान्यात गेली असणार, साहेब कॉलेजात आहेत म्हणाले असणार, गेटवरच्यानं हॉल दाखवला असणार. ती शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसली, कॅन मांडीवर घेतली, आणि स्टेजवर आपली लेक दिसल्यावर तिचं तोंड असं उघडं राहिलं की बस. हात थोडासा वर केला. मी हाय, चालू दे तुजं.

चालू दे. शिवकन्याची जीभ चालत राहिली, पण आतून सगळं थांबलं. मायला इंग्रजी येत नाही. येत नाही ना? ऑपरेशन शब्द येतो. कॅन्सर येतो. डॉक्टर येतो. शेवटचं चित्र दाखवायचं नाही. तिनं ते तिथल्या तिथं ठरवलं, आणि ठरवल्यावर इतक्या महिन्यांची शिजवण तळाला लागल्याचा वास तिच्याच नाकात आला. ती धन्यवाद म्हणाली. उतरायला निघाली.

"रेस्क्यू दिसत नाही पोरी," व्यंकटराव म्हणाले. बरोबर तिथंच बोट. आणि मास्तरांकडं वळून, मराठीत, मोठ्यानं, "काढून टाकलेलं परत घालता येतं का हे दाखवायला पायजे. नुस्तं काढायचं काम काय, खाटीकबी करतो की!"

हॉल हसला. मास्तर हसले, ओमप्रकाश हसला. आणि शेवटच्या खुर्चीवर, सगळे हसतायत म्हणून, पदर तोंडाला लावून, माय हसली.

शिवकन्यानं बटण दाबलं.

हसणं पुढून मागं विझत गेलं, वाचता येणारांचं आधी, मग त्यांच्याकडं बघणारांचं. तिनं इंग्रजीत सांगितलं की ही आपल्याच जिल्ह्यातली एक केस आहे, की कसलीही तपासणी न करता गर्भाशय काढलं गेलं, की अध्यक्षांनी रेस्क्यूबद्दल विचारलं आहे तर तिलाही तेच विचारायचं आहे, या बाईच्या बाबतीत रेस्क्यूचा काय विचार झाला होता. व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मानेवरची एक शीर तेवढी उडत होती. ती तिनं बघितली. चव आली. कुठंतरी जिभेच्या मुळाशी, गोड आणि घाण.

पण त्या माणसाचं आयुष्य गर्दीपुढं गेलेलं होतं. तो उठला, माइक हातात घेतला, आणि इंग्रजीचं दार त्यानं लाथेनं उघडलं.

"पोरगी हुशार हाय," तो हॉलला म्हणाला, एकदम गावाकडचा होऊन. "बॅग म्हणायली. बॅग म्हंजी आपली पिशवी. आता ऊसतोडीच्या बाया यायच्या माझ्याकडं, अंगावरून पांढरं जातंय म्हणून. त्याच म्हणायच्या, सायेब, काढून टाका पिशवी. आता परभणीत बसून पुस्तकातनं बोलणं सोपं असतंय. त्या बायांपैकी एकीनं तरी येऊन तक्रार केली का? एकीनं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"न्हाई साहेब," मागून माय म्हणाली. ती उभी होती, कॅन कडेवर, पदर डोक्यावर, आणि चेहऱ्यावर साक्षीला बोलावल्याचा मान. "तक्रार कशाची? माजी काढली न साहेबांनी. कॅन्सर हुनार व्हता मला. साहेब नसते तर ही पोरगी आज हितं उबी ऱ्हायली नसती."

"माय, बस," शिवकन्या म्हणाली. माइक आता व्यंकटरावांच्या हातात होता. कुणाला ऐकू गेलं नाही.

व्यंकटरावांनी डोळे बारीक केले. "कोण बाई? हां हां, काकवीवाली! या, म्होरं या. बघा, ऐका ह्यांचं."

माय म्होरं आली नाही, पण फुलली. पहिल्या रांगेतून अंबिका मॅडम वळल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, अगदी हळू विचारलं, "मावशी, तपासणी काय काय केली होती तेव्हा? रक्त, सोनोग्राफी?"

"न्हाई वो मॅडम!" मायला ते विचारणंच साहेबांच्या मोठेपणाला कमी वाटलं. "मशीन-बिशीन काय न्हाई. साहेबांनी नुस्ता हात ठिवला प्वाटावर अन् सांगितलं. त्याच दिशी काढली. आमच्या जीपमधल्या समद्यांचीच तशी. सरजाबाईची, मनकर्णाची, पार्वतीबाईची. एका दमात. लय गुन हाय साहेबांच्या हाताला."

कूलरमधलं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं.

"समद्यांस्नीच कॅन्सर हुनार व्हता का, मावशी?" ओमप्रकाशनं विचारलं. त्याला सवय होती मधे बोलायची. विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी झालं आणि त्यानं मान खाली घातली. कुणी हसलं नाही.

"समद्यांस्नीच," माय म्हणाली. "जीपमधी जेवढ्या..."

आणि तिथं थांबली. तोंड उघडं, शब्द तोंडात. शिवकन्यानं ते थांबणं बघितलं. तिनं मायला थकलेली बघितलं होतं, तापानं फणफणलेली, मोळीखाली वाकलेली; असं मधल्या वाक्यात थांबलेलं कधी बघितलं नव्हतं. मायचा मोकळा हात आपोआप खाली गेला आणि पोटावर टेकला, जिथं तो दुसरा हात टेकला होता तिथं, आणि काही चाचपडून बघितल्यासारखा तिथंच राहिला. ती व्यंकटरावांकडं बघत होती. साहेब घड्याळाकडं बघत होते. "पुढचा विद्यार्थी कोण आहे?" ते म्हणाले. कुणीच उठलं नाही. मॅडम तर त्यांच्याकडं अशा बघत होत्या की त्यांनी माइक खाली ठेवला, आणि पुष्कराजवाला हात टेबलाखाली घेतला. शिवकन्याला हे सगळं हवं होतं. हेच, असंच, इतक्या माणसांदेखत. ती मात्र सारखी दाराकडं बघत होती, कारण उन्हाची पट्टी पुन्हा आत पडली होती आणि माय त्यातून बाहेर जात होती.

कागद तिथंच टाकून ती धावली. जिना, व्हरांडा, दुपारचं पांढरं ऊन. माय फाटकाकडं गेली नव्हती. ती निंबाखाली उभी होती, अध्यक्षांच्या पांढऱ्या गाडीपाशी. ड्रायव्हर कुठं चहाला गेलेला. तिनं कॅन खाली ठेवली, झाकणावर बांधलेलं फडकं सोडलं, घडी घालून कमरेला खोचलं, झाकण फिरवून काढलं. मग मोळी उचलावी तशी, तोच तोंडातून हवा निघाल्याचा आवाज करून, कॅन उचलली आणि समोरच्या काचेवर उपडी केली. काकवीला घाई नव्हती. ती जाड, काळी-तांबडी, घड्या पडत उतरली, काच झाकत गेली, वायपरांवर साठली, बॉनेटवरून ओघळून नंबरच्या पाटीपर्यंत आली. वास सुटला. गुऱ्हाळाचा, कढईचा, सबंध हिवाळ्याचा. निंबाची दोन पानं पडून चिकटली. कॅनचा गळा गुडगुड करत होता आणि माय शांतपणे ती हलवून हलवून, तळातली सुद्धा वाया जाऊ नये अशा काळजीनं, ओतत होती.

"माय."

मायनं वळून बघितलं नाही. "तुला कवापसून ठाव व्हतं?"

फोनवर विचारलं असतं तर शिवकन्याला काहीतरी सुचलं असतं. इथं नुसती काकवी ओघळत होती. "लय दिसापसून," ती म्हणाली.

शेवटची तार कॅनच्या तोंडाला लोंबली. मायनं ती बोटानं तोडली आणि जन्माच्या सवयीनं बोट तोंडात घातलं. मग तिला कळलं आपण काय चाखलं ते. ती बाजूला वळली आणि निंबाच्या बुंध्याशी थुंकली, पुन्हा थुंकली. रिकामी कॅन तिनं टाकली नाही. काखेत मारली, पदरानं तोंड पुसलं, आणि फाटकाकडं चालायला लागली, गुडघ्यांवर हात न ठेवता, ताठ. शिवकन्या तिच्या मागं चार पावलं ठेवून चालली. जवळ जायचा धीर झाला नाही. फाटकापाशी माय थांबली.

"गंगाखेडची गाडी कितीला हाय बघ," ती म्हणाली. "तुजं घरी गेल्यावर बघते मी."